‘शैलेय’ शब्दाचा अर्थनिर्णय : एका बाडाच्या शुद्ध प्रतीवरून कांहीं विचार

गेल्या वर्षीं हडपसर येथील आमच्या एका तरुण संग्राहक स्नेह्यानें एका जुन्या बाडाची स्वहस्तें केलेली शुद्ध प्रत अभिप्रायार्थ आमच्याकडे आणून दिली. बाड मोडींत असून विसाव्या शतकाच्या आरंभीचें, एका गृहस्थ कुटुंबांतील आहे. घराण्याचें नांव त्या मंडळींच्या इच्छेवरून येथें देत नाहीं. त्यांत देण्याघेण्याचे हिशेब, घरगुती औषधें, लग्नकार्याच्या सामानाच्या याद्या अशा नोंदी असून मधूनच दिवाळीच्या उटण्याची एक कृति आहे. शुद्ध प्रतींत तिचीं द्रव्यें येणेंप्रमाणें दिलीं आहेत : वाळा, नागरमोथा, कचोरा, गव्हला, आंबेहळद आणि शिलाजित. पहिल्या पांचांविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. सहावें वाचून मात्र आम्ही थबकलों. कारण उटण्यांत शिलाजित घालणारें घर आम्हीं आजवर पाहिलेलें नाहीं. मूळ बाड मागवून पाहिलें, तों सहाव्या जागीं स्वच्छ अक्षरांत ‘दगडफूल’ असें लिहिलेलें आढळलें.

प्रतकारास याचें कारण विचारलें. तो म्हणाला, “दगडफूल हा बाजारी शब्द. त्याचें संस्कृत शैलेय, आणि शैलेय म्हणजे शिलाजित. सर, हें तुम्हींच आम्हांस वर्गांत सांगितलें होतें.” हें ऐकून आम्ही निरुत्तर झालों, कारण तो खरें बोलत होता. तीस वर्षें संस्कृत शिकवितांना शैलेय शब्द आला कीं आम्ही ‘शिलेपासून झालेलें तें शैलेय, म्हणजेच शिलाजित’ असें सांगून पुढें जात असूं. कोशांत तो अर्थ दिलेला आहे, व्युत्पत्तीहि जुळते. मग अधिक चौकशी कोण करतो? तेव्हां प्रस्तुत लेख ही त्या शुद्ध प्रतीवरील टीका असली, तरी तिचा अर्धा भाग आमच्या स्वतःच्या अध्यापनावरील आहे, हें वाचकांनीं प्रथमच लक्षांत घ्यावें.

प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु जुन्या वैद्यकाच्या, पूजाविधीच्या आणि गंधयुक्तीच्या पोथ्यांत शैलेय शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ चुकला, तर कृति चुकते, द्रव्याचा इतिहास चुकतो, आणि व्यापाराविषयीं काढलेलीं अनुमानेंहि चुकतात. शिलाजित हें हिमालयादि पर्वतांच्या खडकांतून पाझरणारें द्रव्य, दगडफूल हें मसाल्याच्या डब्यांतील. या दोहोंचे मार्ग एक नव्हेत.

घोटाळ्याचें मूळ मराठींतील तीन सारख्या नांवांत आहे. पहिलें शिलाजित, म्हणजे संस्कृत शिलाजतु. दुसरें शिलारस, हा आशिया मायनरांतील एका वृक्षाचा चिकट सुगंधी स्राव असून त्यास संस्कृतांत सिह्ल अथवा तुरुष्क म्हणत. येथील ‘शिला’ ही दगड नव्हे. सिह्ल शब्दाचें उच्चारसाम्यानें शिला झालें असावें, असा आमचा तर्क आहे. तिसरें शैलेय, म्हणजे आपलें दगडफूल. तिन्ही नांवांत शिला दिसते, म्हणून तिन्ही वस्तु एका ओळींत जाऊन बसल्या. आणि अलीकडील संस्कृत कोशांतून शैलेय शब्दाखालीं शिलाजतु, सुगंधी राळ, सैंधव, दगडफूल असे परस्परांशीं संबंध नसलेले अर्थ एकत्र नांदूं लागले. कोश अर्थांचा संग्रह करतो. त्यांतून प्रसंगानुरूप निवड करणें हें वाचकाचें काम होय. तें काम आम्हीं केलें नाहीं.

आतां अमरकोशाची साक्ष पाहूं. अमरसिंहानें शैलेयाचीं कालानुसार्य, वृद्ध, अश्मपुष्प, शीतशिव हीं पर्यायनामें वनौषधिवर्गांत दिलीं आहेत. शिलाजतु त्यानें वैश्यवर्गांत, खनिज द्रव्यांच्या संगतींत घातलें असून त्याचे पर्याय गैरेय, अर्थ्य, गिरिज, अश्मज असे आहेत. तुरुष्क, पिंडक, सिह्ल, यावन हीं नांवें मनुष्यवर्गांत, अंगरागादि द्रव्यांमध्यें येतात. म्हणजे ज्या तीन वस्तु आम्हीं एक मानल्या, त्या अमरानें तीन निरनिराळ्या वर्गांत ठेवल्या आहेत. अश्मपुष्प या नांवाचें शब्दशः मराठी दगडफूल असें होतें, हें सांगण्याचीहि आवश्यकता नाहीं. पुढें सोळाव्या शतकांत भावमिश्रानेंहि भावप्रकाशांत शैलेय कर्पूरादि वर्गांत आणि शिलाजतु धातूंच्या वर्गांत, असा भेद कायम ठेवला आहे.

मग कोशांत सैंधव हा अर्थ कोठून आला ? याचेंहि उत्तर अमरकोशांतच सांपडतें असें आम्हांस वाटतें. शीतशिव हें नांव अमरानें तीन ठिकाणीं वापरलें आहे : एकदां शैलेयास, एकदां सैंधवास, आणि एकदां बडीशेपेस. बडीशेपेचें तेथील पहिलें नांव ‘शालेय’ असें आहे. शैलेय आणि शालेय यांत एका मात्रेचा फरक. एकाच पर्यायाच्या दोरीनें तीन वस्तु बांधल्या गेल्या, म्हणजे उत्तरकालीन संग्राहकाच्या हातून त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळणें स्वाभाविक आहे. पोथींत एक मात्रा वाढली अथवा पुसली, तर काय होतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

येथें प्रतिपक्षाचीहि बाजू मांडली पाहिजे. कालानुसार्य हें नांव अमर दुसऱ्या ठिकाणीं कालीयक नांवाच्या सुगंधी काष्ठासहि देतो. तेव्हां केवळ पर्यायनामांवर भिस्त ठेवून कोणताहि निर्णय पक्का होत नाहीं, आणि वरील पुरावा एकटाच असता तर आम्हीं हा लेख लिहिला नसता. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ठरवावा लागतो. यासाठीं वराहमिहिराकडे वळूं.

सहाव्या शतकांतील बृहत्संहितेंत गंधयुक्तीवर एक अध्याय आहे. त्यांत सोळा द्रव्यांचा एक गण देऊन त्यांतून चार चार निवडल्यास १,८२० प्रकार होतात असा हिशेब केला आहे. तो गणितज्ञांस परिचित आहे. आम्हांस त्यांतील नांवें पाहावयाचीं आहेत. त्या गणांत घन म्हणजे नागरमोथा, उशीर म्हणजे वाळा, कर्चूर म्हणजे कचोरा, आणि शैलेयक हीं एकत्र आलीं आहेत. हडपसरच्या बाडांतील सहा द्रव्यांपैकीं तीन, शैलेयाचा अर्थ दगडफूल धरल्यास चार, या एकाच यादींत मिळतात. बाड लिहिणाऱ्या गृहस्थानें बृहत्संहिता पाहिली होती असें आमचें म्हणणें नाहीं. उटण्याचा संप्रदाय घरोघर चालत आला, आणि त्यांत हीं द्रव्यें एकमेकांच्या सोबतीनें टिकलीं, एवढेंच यावरून निघतें.

याहून निर्णायक पुरावा त्याच अध्यायांतील दुसऱ्या योगांत आहे. तेथें सोळा द्रव्यें चार ओळींच्या चौकटींत मांडून प्रत्येकाचे भाग सांगितले आहेत. पहिल्या ओळींत अगुरु २, पत्र ३, तुरुष्क ५, शैलेय ८. दुसऱ्या ओळींत प्रियंगु ५, मुस्ता ८, रस २, केश ३. पुढें स्पृक्का ४, त्वक् १, तगर ७, मांसी ६. आणि शेवटीं मलय ७, नख ६, श्रीक ४, कुंदुरुक १. कोणतीहि ओळ आडवी, उभी वा तिरपी मोजली तरी बेरीज १८ येते. आतां पहा : तुरुष्क आणि शैलेय हीं एकाच ओळींत, लागोपाठच्या दोन घरांत, निरनिराळ्या भागांनीं दिलीं आहेत. एकाच वस्तूस दोन घरें देऊन ही चौकट मांडली जाणें शक्य नाहीं. म्हणून शैलेय म्हणजे शिलारस हा अर्थ निदान येथें तरी बाद होतो.

राहिलें शिलाजित. त्याविषयीं प्राचीन वैद्यकच सांगतें कीं उत्तम शिलाजतूस गोमूत्राचा वास येतो. अशा द्रव्याचे आठ भाग, म्हणजे अगुरूच्या चौपट, घालून कोणी सुगंध सिद्ध करील हें संभवत नाहीं. उलट दगडफूल मानल्यास प्रमाणहि समजतें. दालचिनीसारख्या तीव्र द्रव्यास एकच भाग आहे. शैलेय आणि नागरमोथा या मंद वासाच्या द्रव्यांस प्रत्येकीं आठ. तीव्राचें अल्प आणि मंदाचें बहुत, हा कोणत्याहि गंध्याचा किंवा स्वयंपाकिणीचा नियम होय. भागांचे आंकडे चौकटीच्या गणितानेंहि बांधलेले आहेत, हें आम्ही जाणतों. तरी कोणतें द्रव्य कोणत्या आंकड्यावर बसवावयाचें याची निवड कर्त्याच्याच हातीं होती.

गंधशास्त्राचा विषय निघाला असतां कै. परशुराम कृष्ण गोडे यांचें स्मरण न करणें कृतघ्नपणाचें होईल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या पोथीशाळेचे ते अनेक वर्षें क्युरेटर होते. तेथें आलेल्या रड्डी संग्रहांतील एका पोथींत त्यांस गंगाधराचा ‘गंधसार’ आणि एका अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ असे दोन ग्रंथ मिळाले. गंधवादावर मराठी टीका आहे. त्यांविषयींचे व भारतीय सुगंधद्रव्यांच्या इतिहासाविषयींचे त्यांचे निबंध १९६१ सालीं निघालेल्या त्यांच्या संग्रहाच्या पहिल्या खंडांत एकत्र मिळतात. दोन्ही ग्रंथ रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनीं संपादून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत, बडोद्याहून, १९८९ सालीं प्रसिद्ध केले. त्यानंतर जेम्स मॅकह्यू यांनीं २०१२ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत या सामग्रीचा विस्तृत उपयोग केला. संस्कृत गंधशास्त्रावरील ग्रंथाची टीका मराठींत असावी, आणि तिचा विचार मराठी अभ्यासकांनीं तुरळकच करावा, हें आम्हांस खटकतें. अशा टीकेचें खरें मोल द्रव्यनामांत आहे. संस्कृत नांवाशेजारीं बाजारांतील नांव ठेवणारा टीकाकार पुढच्या दहा कोशांचें काम करून जातो. आमच्या प्रतकार स्नेह्यानें केलें तें याच्या नेमकें उलट : बाजारांतील नांव पुसून त्या जागीं कोशांतील नांव बसविलें.

गंधसारांत द्रव्यांचे पत्र, पुष्प, फळ, त्वचा, काष्ठ, मूळ, निर्यास आणि जीव म्हणजे प्राणिज असे आठ वर्ग केले आहेत. दगडफूल यांपैकीं वस्तुतः कशांतच बसत नाहीं. नांवांत पुष्प असलें तरी तें फूल नव्हे, पान नव्हे, आणि सालीवर वाढलें तरी सालहि नव्हे. स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनीं एकोणिसाव्या शतकांत १८६७ च्या सुमारास दाखवून दिलें कीं ही एक वनस्पति नसून बुरशी व शैवल यांचा एकत्र संसार आहे. मराठी विश्वकोशानें या वर्गास ‘शैवाक’ हें नांव दिलें, तें योग्य आहे. शेवाळ म्हणणें चूक. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाजारांतील दगडफूल बहुतांशीं दगडावरचें नसतें. तें हिमालयांतील व दक्षिणेकडील डोंगरांतील झाडांच्या सालीवरून खरवडून आणलेलें, पार्मोट्रेमा व त्याच्या जवळच्या कित्येक जातींचें मिश्रण असतें. म्हणजे शैलेय शब्दाची व्युत्पत्ति शिलेकडे बोट दाखविते, आणि वस्तु येते झाडावरून. व्युत्पत्ति ही शब्दाच्या जन्माची नोंद होय. त्यावरून वस्तूची ओळख पटवूं गेल्यास काय होतें, याचा आमचाच दाखला पुरेसा आहे.

तथापि एक आक्षेप उरतो, आणि तो आमच्या प्रतकारानेंच घेतला. दगडफुलास वास तो किती ? मूठभर नाकाशीं धरलें तरी धुळीचा, किंचित् मातकट वास येतो. असलें द्रव्य गंधयुक्तींत कशास घालतील? आक्षेप रास्त होता. म्हणून आम्ही दोघे हडपसरच्या गाडीतळाकडे गेलों, वाण्याकडून दगडफूल व काष्ठौषधींच्या दुकानांतून शिलाजित आणि शिलारस अशा तीन पुड्या आणिल्या, आणि घरीं मेजावर मांडल्या. दगडफूल वरून राखी, खालून काळें, कडा कुरळलेल्या, हातांत घेतां कागदासारखें हलकें. शिलाजित काळें, चिकट, पाण्यांत विरघळणारें. शिलारस मधासारखा दाट, आणि वास राळेचा. नंतर स्वयंपाकघरांत लोखंडी कढईंत चमचाभर तेल तापवून त्यांत दगडफूल टाकलें. क्षणांत घरभर तो वास पसरला, जो काळा मसाला करावयाच्या दिवशीं गल्लींतून येतो. प्रतकार कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “हा तर आमच्या आईच्या मसाल्याचा वास.”

या प्रयोगाचें मर्म रसायनशास्त्रांत आहे. दगडफुलांत ॲट्रॅनोरिन नांवाचें एक द्रव्य असतें; त्याला स्वतःला वास जवळजवळ नाहीं. उष्णतेनें, साठवणुकीनें अथवा मद्यार्काच्या योगानें अशा द्रव्यांचें विघटन होतें, आणि त्यांतून लहान, उडून जाणारे, सुगंधी अंश मोकळे होतात. गंधसारांत द्रव्यसंस्काराच्या भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन या सहा क्रिया सांगितल्या आहेत. त्यांपैकीं पाचनांत उष्णतेचेंच काम असतें. तेव्हां कच्च्या द्रव्याचा वास पाहून प्राचीन योगाची परीक्षा करणें म्हणजे तांदूळ चावून भाताची परीक्षा करणें होय. शिवाय दगडफुलाचा गुण स्वतः पुढें होण्याचा नसून इतर गंधांस धरून ठेवण्याचा आहे. कनोजच्या ‘शमामा’ अत्तरांतहि हेंच द्रव्य ‘छरिला’ या नांवानें घालतात. अरबींत अशा वनस्पतीस ‘उश्ना’ म्हणत, आणि त्याच शब्दावरून युरोपीय शास्त्रज्ञांनीं एका शैवाकास ‘उस्निया’ हें नांव दिलें.

युरोपांतील गंध्यांसहि ही गोष्ट ठाऊक होती. तेथें ओक वृक्षावरील एव्हर्निया जातीच्या शैवाकाचा अर्क काढतात; फ्रान्स्वा कोती यांनीं १९१७ सालीं काढलेल्या ‘शीप्र’ या प्रसिद्ध अत्तराचा पाया त्यावरच होता. परंतु विघटनांतून सुगंधाबरोबर ॲट्रॅनॉल व क्लोरोॲट्रॅनॉल अशीं द्रव्येंहि निघतात, आणि त्यांच्या स्पर्शानें कित्येकांच्या त्वचेस दाह व पुरळ येतो. यामुळें युरोपीय संघानें २०१७ सालीं नियम करून हीं दोन्ही द्रव्यें सौंदर्यप्रसाधनांत निषिद्ध केलीं. २०१९ पासून तसा नवा माल आणण्यास आणि २०२१ पासून असलेला माल विकण्यासहि बंदी झाली. हें येथें सांगण्याचें कारण असें कीं जुन्या कृति आतां केवळ कपाटांत राहत नाहींत. त्या छापल्या जातात, लोक त्या करून पाहतात आणि अंगास लावतात. कृतींतील द्रव्य बदललें, तर वाचकाच्या हातीं जुनें उटणें न येतां आपण नव्यानें रचलेलें एक अपरीक्षित मिश्रण येतें; आणि द्रव्य बरोबर असलें तरी तें कोणास सोसेल, कोणास सोसणार नाहीं, एवढी सूचना संपादकानें दिली पाहिजे.

आणखी एक गोष्ट संग्राहकांच्या ध्यानांत आणून द्यावीशी वाटते. शैवाक अतिशय मंद वाढतें. कित्येक जाती वर्षाकांठीं कांहीं थोडे मिलिमीटर वाढतात. अमरानें त्यास ‘वृद्ध’ कां म्हटलें हें आम्ही निश्चयानें सांगूं शकत नाहीं, पण नांव त्यास शोभतें. पोतीं भरभरून तें झाडांवरून उतरविलें जातें, आणि उतरविलेल्या जागीं पुन्हां भरून येण्यास पुष्कळ वर्षें लागतात. पुण्यांत महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची, १९४६ सालीं स्थापन झालेली, आजची आघारकर संशोधन संस्था आहे. तेथें शैवाकांचा अभ्यास व संग्रह झालेला आहे. पोथींतील वनस्पतिनामाविषयीं शंका आल्यास भांडारकर संस्थेच्या पोथीशाळेबरोबर आघारकर संस्थेच्या वनस्पतिसंग्रहासहि विचारावें. दोन्ही संस्था एकमेकींपासून दूर नाहींत. आमच्यासारखे लोकच त्यांमधील अंतर चालून जात नाहींत.

सारांश, आमचें म्हणणें असें. शैलेय म्हणजे दगडफूल. अमराचे वर्ग, वराहमिहिराची चौकट, भावमिश्राची मांडणी, द्रव्याचे गुण आणि घरगुती उटण्याचा संप्रदाय हीं सर्व तिकडेच नेतात. एखाद्या स्थळीं दुसरा अर्थ निघूं शकेल. तेथें तो त्या स्थळाच्या पुराव्यानें सिद्ध करावा, कोशांतील रांगेवरून नव्हे. आणि बाडाची प्रत करणारानें मूळ शब्द जसाच्या तसा ठेवून आपलें मत समासांत लिहावें. दगडफूल, गव्हला, कचोरा हे शब्द लिहिणारांनीं तीं द्रव्यें रोज हाताळलीं होतीं. त्यांच्या शब्दास आपल्या संस्कृतानें शुद्ध करण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिलेला नाहीं.

शुद्ध प्रत आतां दुरुस्त झाली आहे. सहाव्या जागीं ‘दगडफूल’ असें लिहून, प्रतकारानें समासांत शैलेय हें नांव व पूर्वींच्या चुकीची नोंद आपल्या सहीनें केली आहे. त्याखालीं आमचीहि सही असावी, असा आग्रह आम्हीं धरला, आणि ती केली.